सायव्वाचा डोह

या आठवणी लिहायला घेतल्यापासून मी एक लबाडी करत आलो आहे. हुरड्याचे दिवस लिहिले, बैलांच्या खांदेमळणीचे लिहिले, मठातल्या हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, पंगती लिहिल्या. पण पाडवा जवळ आला की माझी लेखणी उडी मारायची ती थेट शाळा उघडण्याच्या दिवशी. वह्या टाइप करून देणाऱ्या सुनेच्या ते लक्षात आलं. परवा ती हसत म्हणाली, "मामा, तुमच्या गावाला उन्हाळा नव्हता का हो?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. बायकोला आयुष्यभर सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. सुनेला दोन वाक्यांत काय सांगणार? पण त्या रात्री झोप आली नाही, आणि सकाळी नवी वही काढली. उन्हाळा होता. चांगला रखरखीत उन्हाळा होता, भीमेचं पात्र आटायचं, आणि शिंपल्यांचा हंगाम सुरू व्हायचा.

आमचं गाव करजगीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, नदीकाठाला. माझे वडील, म्हणजे अप्पा, चुन्याचा धंदा करायचे. पानाला लावायचा चुना. खडकाचा चुना जिभेला चावतो, शिंपल्याचा चुना लोण्यासारखा लागतो, असं अप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि ते खरंही होतं. अप्पांची पूजा कानडीत चालायची, व्यापार मराठीत आणि रागावणं दखनीत. घराच्या मागे भट्टी होती. शिंपले आणि गोवऱ्यांचे थर आळीपाळीने रचायचे, पेटवायचे, आणि निवलेल्या शिंपल्यांवर पाणी शिंपडायचं. मग ते फुसफुसत, तडकत, अंगातून वाफ सोडत, आणि बघता बघता त्यांचं पांढरंशुभ्र पीठ होई. तो फुसफुसण्याचा आवाज म्हणजे माझ्या लहानपणीचा उन्हाळा. आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, ती त्या आवाजाला कंटाळलेली असायची. "घरात साप पाळल्यागत वाटतंय," म्हणायची, आणि कडक भाकऱ्यांची चळत पुन्हा झाकून ठेवायची. कारळाची चटणी, शेंगांची चटणी, पुंडीची भाजी, दही. आमचं घर बसवण्णांना मानणारं. मांस-मासळीचं नावसुद्धा उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. जेवायच्या आधी सगळ्यांनी गळ्यातली करडगी, म्हणजे इष्टलिंगाची चांदीची डबी, उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. तोपर्यंत घासाला हात नाही. तीन डब्यांची झाकणं एकामागून एक टिक् टिक् करून मिटली की अव्वा वाढायला उठे. लिंग अंगावेगळं करायचं नाही, हे मला अक्षरांच्या आधी शिकवलेलं होतं. अंगावरचं लिंग गेलं तर माणूस मेल्यात जमा. ते सापडेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही.

शिंपले आम्हाला कोळ्यांकडून यायचे. आमच्या लोकांचा घाट देवळापाशी, वरच्या अंगाला. कोळ्यांचा डोह नदीच्या वळणापलीकडे, खालच्या अंगाला. उन्हाळ्यात डोहाच्या कडेने कमरेएवढं पाणी उरे आणि कोळ्यांच्या बायका नऊवारीचा काचा घट्ट मारून त्यात उतरत. शिंपले हातांनी नव्हे, पायांनी शोधायचे. शिंपला वाळूत उभा रुतलेला असतो, नुसती कड वर. बायका एका ओळीत, हळूहळू, नाच शिकणाऱ्या मुलींसारख्या सरकत; टाचेला कड लागली की दोन बोटांत धरून गुडघ्यापर्यंत वर आणायचा आणि पाठीवरच्या पाटीत टाकायचा. बोलणं चालूच. त्या ओळीत सगळ्यांत पुढे सायव्वा. ती माझ्या मित्राची, मल्लूची आई. उंच, काळी, पुढचा एक दात पडलेली, आणि हसताना तो झाकायचा प्रयत्न न करणारी. अप्पांची एकच अट होती: शिंपले उकडून, आतलं काढून, कोरे करून मिळाले पाहिजेत. ते बघायला मी जायचो. म्हणजे ज्याच्या घरात मांसाचं नाव नाही, त्या मुलाचं उन्हाळ्यातलं काम शिंपल्यात मांस उरलं नाही ना हे बघण्याचं होतं. तेव्हा मला यात काही विचित्र वाटलं नाही.

हंगामाचा पहिला दिवस वेगळा असायचा. पाडव्यानंतर, पाणी किती उतरलंय ते बघून, कोळ्यांतल्या थोर माणसांनी दिवस ठरवायचा. त्या दिवशी पाण्यात पहिलं पाऊल सायव्वाचंच. तिच्या आधी तिच्या सासूचं असायचं. सायव्वा पाण्याला हळद-कुंकू वाही, उतरे, आणि हाती लागलेला पहिला मोठा शिंपला हळद लावून परत सोडून देई. मग बाकीच्या बायका उतरत. त्यांनी काढलेले शिंपले स्वच्छ पाण्याच्या घागरीत रात्रभर ठेवायचे, म्हणजे ते पोटातली वाळू ओकून टाकतात. दुसऱ्या दिवशी उकडायचे, आतली काळी पिशवी काढून टाकायची, आणि मांस लसूण, लाल मिरची, कारळाचं कूट घालून मोठ्या भांड्यात परतायचं. सगळ्या वस्तीचं एकच भांडं, सायव्वाच्या घरचं. आणि त्या भांड्याजवळ जो उभा असेल, त्याला पानावर वाढायचंच. मग तो वैरी असला तरी. उभं राहिलेल्याला दिलं नाही तर नदी वर्षभर आखडून घेते, असं ते मानत. म्हणून दर वर्षी भांडं चुलीवर चढायच्या आधी सायव्वा मला घरी पिटाळायची.

त्या वर्षी मी अठराचा होतो. मॅट्रिकची परीक्षा दिली होती आणि मला फार कळतं असं वाटायला लागलं होतं. भांडं चढलं, लसणाचा वास सुटला, तरी मी कोऱ्या शिंपल्यांच्या ढिगाशी रेंगाळलो. मल्लू बाजूला बसून जाळ्याची गाठ मारत होता.

"जा की रे बसू," माझ्या बसप्पा या नावाचं नेहमीसारखं बसू करून तो म्हणाला. "का वासानंच पोट भरायलास?"

"वासाला कोण अडवायलंय?"

"गंमतच हाय लेका तुमची. आमची शिंपलं भाजून, चुना करून, पानाला लावून खाताय. वरचं चालतंय, आतलंच तेवढं बाटतंय व्हय?"

बायका खो खो हसल्या. सायव्वाने उलथनं उगारलं. "गप रे भाड्या! त्येंच्या धरमाला नावं ठेवू नगंस." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "लेकरा, कामून उभारलास? आज माज्या हातात काय न्हाई बघ. उभारलास तर मला वाढावंच लागतंय. जा म्हणून सांगायले. तुजा अप्पा लई कडक हाय."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तिने मला जायला सांगितलं होतं. मल्लूने चिडवलं म्हणून मी थांबलो, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत आलो; ते अर्धं खरं आहे. मला खायचं होतं. मी फक्त पापातून पळवाट शोधत होतो, आणि अठराव्या वर्षी पळवाट चटकन सापडते. लिंग अंगावर असताना खाल्लं तर महापाप; अंगावर नसताना खाल्लं तर निदान लिंग तरी विटाळणार नाही. मी पाण्याच्या कडेच्या खडकावर गेलो, शिवदोरा मानेतून काढला, करडगी उपरण्यात गुंडाळून खडकावर ठेवली आणि भांड्याजवळ येऊन उभा राहिलो. माझी उघडी मान सायव्वाने पाहिली. तिच्या हातातलं उलथनं क्षणभर थांबलं. मग तिने पळसाच्या पानावर वाढलं, वर भाकरी ठेवली.

चव सांगू नये असं वाटतं. थोडं चिवट, मग एकदम गोडसर, आणि मागून मिरची. मी दुसऱ्यांदा पान पुढे केलं. लाज याची वाटते की आज, इतक्या वर्षांनी, ती चव मला अव्वाच्या हुग्गीपेक्षा स्पष्ट आठवते.

खाऊन झाल्यावर मला लिंग पुन्हा घालायची घाई झाली. पण आधी अंघोळ करून शुद्ध व्हायला हवं होतं. मी डोहात बुड्या मारल्या, चुळा भरल्या, आणि पाण्यातूनच हात लांबवून खडकावरचं उपरणं ओढलं. आतली करडगी निसटली. डुबुक्. तेवढाच आवाज झाला. तो खडक डोहाच्या खोल बाजूला होता. मी बुडी मारली, पुन्हा मारली, हाताला चिखल आणि वाळू. मल्लूने उडी टाकली, सायव्वा भांडं टाकून धावली. दिवस कलेपर्यंत शोधलं. शेवटी सायव्वा म्हणाली, "तू घरला जा. आमी बघताव."

घरी मी सांगितलं की घाटावर अंघोळ करताना लिंग गेलं. हे पहिलं खोटं. ते मला सोपं गेलं, कारण मी कोळ्यांच्या डोहावर अंघोळ करेन असं कुणाच्या मनातही आलं नाही. अप्पा ओरडले नाहीत. ते दखनीत एक शब्दही बोलले नाहीत, त्यावरून हे रागावण्याच्या पलीकडचं आहे हे मला कळलं. त्यांनी अव्वाला चूल विझवायला सांगितली आणि मला देवघराच्या भिंतीशी घोंगडीवर बसवलं. "लिंग सापडंपर्यंत पाणी न्हाई," ते म्हणाले, आणि स्वतःही पाणी सोडलं. मग अव्वाने सोडलं. घाटावर माणसं उतरली, बुड्या मारत राहिली. कसं सापडणार? चैत्राचं ऊन पत्र्यातून घरात उतरत होतं. दुसऱ्या दिवशी जीभ टाळूला चिकटली. मठातले स्वामी येऊन गेले, तिसऱ्या दिवसानंतर प्रायश्चित्त करून नवं लिंग देता येईल असं ते म्हणाले, तर अप्पा एवढंच म्हणाले, "तवर पोरगं ऱ्हायलं तर." अव्वा भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ फुटले होते. मी एक शब्द बोललो असतो, घाट नव्हे डोह, तर घाटावरची माणसं डोहाकडे गेली असती. मला भीती मरणाची नव्हती असं नाही. पण डोह म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, आणि त्या प्रश्नाला मी मरणाहून जास्त भीत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर आवाज झाला. सायव्वा आली होती, मागे मल्लू. ती ओट्याच्या खाली अंगणात उभी राहिली, तिची नेहमीची जागा तीच. दोन मोठे शिंपले एकमेकांवर मिटून, चिंधीने बांधून तिने ओट्यावर ठेवले आणि मागे सरकली. "अप्पा, हात लावला न्हाई. शिंपल्यानंच उचललंय," ती म्हणाली. अप्पांनी चिंधी सोडली. आत करडगी होती. अव्वाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. मला आणलं, पूजा झाली, अव्वाने माझ्या तोंडाला तांब्या लावला. सायव्वा अजून उभीच होती. तिची कोपरं आणि गुडघे सोलून निघाले होते. का, ते मला नंतर मल्लूकडून कळलं. जी बाई आयुष्यभर पायांनी नदी चाचपत आली, ती लिंगाला पाय लागू नये म्हणून अडीच दिवस पाण्यात ओणवी होऊन, डोकं बुडवून, हातातल्या शिंपल्याने तळ चाचपत होती. "पोरगं जेवलं का बघा आधी," ती अव्वाला म्हणाली.

आणि मग अप्पांनी विचारलं, "कुठं घावलं?"

"आमच्या डोहात."

"डोहात?" अप्पांनी नदीच्या दिशेला पाहिलं. "घाटावर गेलेलं डोहात? पाणी वाहायलं न्हाई, अन् लिंग वाहून गेलं?"

अप्पा माझ्याकडे वळले. "तू डोहाकडं गेलतास?"

तांब्या माझ्या हातात होता. ओसरीवर शेजारची माणसं होती, पुन्हा आलेले स्वामी होते. सायव्वा माझ्याकडे बघत होती; तिच्या नजरेत दरडावणं नव्हतं, याचना नव्हती, ती नुसती थांबली होती. मी म्हणालो, "न्हाई." आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. मी पुढे म्हणालो, "मी घाटावरच काढून ठेवलतं. त्या दिवशी सायव्वा पाटी घेऊन घाटावरनं गेलती."

चोर हा शब्द मी उच्चारला नाही. त्याचा मी पुष्कळ वर्षं आधार घेतला. तो शब्द बाकीच्यांनी उच्चारला, एकाने, मग दुसऱ्याने. चांदीसाठी नेलं, नंतर पाप अंगावर येईल म्हणून भिऊन परत आणलं; लोकांनी गोष्ट पुरी करायला वेळ लावला नाही. मल्लू पुढे येऊन आपल्या आईला म्हणाला, "अव्वा, सांग की! खरं काय ते सांग की!"

"गप," सायव्वा म्हणाली.

"ह्यानंच तर..."

"गप म्हटलं न्हवं!" तिने त्याचं मनगट धरलं. माझ्या ओल्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि त्याला ओढत घेऊन गेली. तिने खरं सांगितलं असतं तर अप्पांनी मला घराबाहेर काढलं असतं, हे तिला माहीत होतं. अडीच दिवस खपून वाचवलेला जीव तिला पुन्हा बुडवायचा नसावा. हा माझा अंदाज आहे. तिला विचारायची हिंमत मला झाली नाही.

अप्पांनी तिचे शिंपले घेणं बंद केलं. ते एवढं मोठं नव्हतं. करजगीच्या बाजारात ते खपले असते. खरा घाव तिच्या लोकांतच बसला. ज्या बाईवर देवाची वस्तू चोरल्याचा आळ आहे तिने नदीत पहिलं पाऊल कसं टाकायचं, असा प्रश्न वस्तीत निघाला. पुढच्या पाडव्याला थोर माणसांनी दुसऱ्या बाईला पुढे केलं. मी लांबून, चिंचेखाली उभा राहून पाहिलं. सायव्वा ओळीत सगळ्यांच्या मागे होती आणि सगळ्यांच्या आधी पाण्यातून बाहेर आली. त्या उन्हाळ्याच्या अखेरीला ती मल्लूला घेऊन नदीच्या पल्याड, माहेरच्या गावी निघून गेली. होडीत घागर, जाळं आणि ते मोठं भांडं. मल्लू नदीकडे तोंड करून बसला होता. काठाकडे त्याने वळून पाहिलं नाही.

अव्वाला माहीत होतं. मी नोकरीसाठी गाव सोडलं तेव्हा ती माझी वळकटी बांधत होती. मध्येच म्हणाली, "तुज्या त्या दिवशीच्या उपरण्याला लसणाचा वास होता. म्या धुतलं." मग वळकटीची दोरी आवळली. मला वाटतं, तिलाही ते ओझं आयुष्यभर पुरलं.

मी शिक्षक झालो. वर्गात मुलांना खरं बोला म्हणून सांगत राहिलो, आणि फळ्याकडे तोंड करून सांगत राहिलो. अप्पा गेल्यानंतर, स्वतःची मुलं कॉलेजात गेल्यावर, एका उन्हाळ्यात मी पल्याडच्या गावी गेलो. आता अप्पांची भीती नव्हती, बोलायला काही आड येत नव्हतं. होडीत मी काय बोलायचं ते मनात घोकत होतो. मल्लू काठावरच भेटला, केस पिकलेला. लहानपणी बसू म्हणणारा तो हात जोडून म्हणाला, "या मास्तर, बसा." त्या 'मास्तर'नेच मी अर्धा गार झालो. सायव्वा कुडाच्या सावलीत बाजेवर होती. डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण आवाजावरून तिने मला ओळखलं. "बसप्पा व्हय? चुन्यावाल्याचा?" मल्लूच्या बायकोने चहा आणला. सायव्वा माझ्या मुलांची चौकशी करत राहिली, अव्वा कशानं गेली ते विचारलं, हळहळली. मी कप खाली ठेवला.

"सायव्वा, त्या उन्हाळ्यात..." मी म्हणालो.

तिने मान उचलली. मग म्हणाली, "त्या साली लई शिंपलं निघाली हुती. तसं पुन्हा निघालीच न्हाईत."

तिने मला अडवलं की वाचवलं, की तिला खरंच एवढंच आठवत होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी फक्त एवढं जाणतो की माझ्या छातीवरचा दगड हलला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचा मला मोह पडला. मल्लूने हाक दिली, "मास्तर, होडी निघायली, मागनं दुसरी न्हाई." मी उठलो. तिच्या पायाला हात लावला. त्याचा अर्थ तिने म्हाताऱ्या माणसाला केलेला नमस्कार असाच घेतला असणार. पुन्हा येतो म्हणालो. पुन्हा गेलो नाही. पुढच्या काही वर्षांत ती गेली, मग मल्लूही. खाली बंधारा झाला, नदी आता उन्हाळ्यातही तुडुंब असते, आणि शिंपले पायाने कसे शोधायचे हे माहीत असलेलं त्या काठावर कुणी उरलेलं नाही.

होडीत घोकलेली वाक्यं माझ्याकडे तशीच आहेत. सायव्वा, लिंग मीच काढून ठेवलं. तू जा म्हणत असताना मी थांबलो, तुझ्या हातचं मागून घेऊन खाल्लं, आणि घाटाचं मी खोटं बोललो. तू कशाला हात लावला नव्हतास. तू अडीच दिवस शोधलंस म्हणून मी जगलो, आणि पाणी पिऊन ओल्या झालेल्या त्याच तोंडाने मी तुझी नदी तोडली. माझं चुकलं. मला माफ कर.